आत्या, ओटीवरचा खडा मी उचलला

आत्या, तुमच्या घराचं मत मी डाळीत टाकलं. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो.

तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. पाहुणे पांगले होते. उरलेल्यांचं जेवण करायचं होतं, चूल तुमच्या लेकीनं पेटवून ठेवली होती, आणि जावई चुलीपाशी बसला की घरातल्या बायका कौतुक करतात असा माझा फार जुना गैरसमज आहे. डाळ शिजली, मीठ सापडेना. तुमच्या घरात कुठली वस्तू कुठे असते हे तुम्हाला आणि मांजराला सोडून कुणालाच कधी कळलं नाही. शोधत शोधत ओटीवर आलो, तर कडेला पळसाच्या पानावर मिठाचा एक खडा. आवळ्याएवढा, स्वच्छ, उन्हात चमकणारा. मला वाटलं, मिठागराचं गाव आहे, इथं मीठही घरपोच येत असेल. उचलला, डाळीत सोडला, ढवळलं, चव घेतली. आत्या, खोटं कशाला बोलू, डाळ चांगली झाली होती.

तेवढ्यात रंजना बांधावरून आली. तुम्ही गेल्यापासून तुमची लेक रोज सकाळी तुमच्यासारखीच पाणी बघायला जाते. पाय घोट्यापर्यंत चिखलात. ओटीवरचं रिकामं पान तिनं बघितलं आणि विचारलं, यातला खडा कुठाय? मी पळी वर करून दाखवली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती पायरीवर टेकली आणि खाडीकडे बघत राहिली. मग तुमच्या पुतण्याचं विचारलं, बाळाराम आला होता का. म्हटलं, मोटरसायकल वाजली, माणूस काही दिसला नाही. हाक मारली का त्यानं? म्हटलं, नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचवीस वर्षं तुमच्या तोंडून ज्या खड्याची गोष्ट ऐकली, तो हा. गोष्टीतला खडा एक दिवस खरोखर ओटीवर असतो, आणि तो साधा मिठासारखा दिसतो, हे या हुशार माणसाला कळलं नाही.

हा कागद इतरांच्याही हाती जाईल, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही तोवर ऐकत बसा. तुमची गोष्ट मी सांगताना चुकतो ते बघायला तुम्हाला नेहमीच आवडायचं.

पेणच्या खाली, खाडीला लागून असलेल्या तुमच्या गावात दोन कारभार. एक ग्रामपंचायत. तिथं बाईच्या बोटाला शाई लागते, बाई सरपंचही होते. दुसरी गावकी. देऊळ, तळं, जत्रा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू न देणारा मातीचा बांध, याचं काय करायचं ते गावकी ठरवते. तिथं घराला एक मत, आणि मत म्हणजे मिठाचा खडा. गावकीच्या दिवशी सकाळी प्रत्येक ओटीवर पान ठेवून त्यावर खडा ठेवतात. उचलेल त्यानं तो देवळात न्यायचा, फडक्याखाली हात घालून दोन मडक्यांपैकी एकात टाकायचा. मोजून झालं की सगळं मीठ खाडीला, म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको. मीठ एका हातातून दुसऱ्या हातात दिलं की भांडण होतं, ही समजूत सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून एकदा उचललेला खडा दुसऱ्याला देता येत नाही. तो पुरुषानंच उचलावा असं मात्र कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. ओटीवर पुरुष बसलेला असायचा, एवढंच.

हे ‘एवढंच’ तुम्ही पकडलंत.

मामा, रंजनाचे वडील, गेले त्या वर्षी तुमच्या ओटीवरचा खडा दिरानं पलीकडच्या ओटीवरून येऊन उचलला. विधवेच्या घराचा खडा भावकीतला पुरुष उचलतो, अशी रीत. त्याच पावसाळ्यात बांध फुटला होता आणि गावातल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या राहून चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात देत होत्या. तुम्ही त्या रांगेच्या तोंडाशी. काम संपल्यावर तुम्ही गावकीत जाऊन विचारलंत, की बाईच्या हातचा चिखल बांधाला चालतो तर तिच्या हातचं मीठ मडक्याला का चालत नाय? सगळे हसले. हिराजी नाना तेव्हा नुकतेच गावकीचे प्रमुख झालेले, तेही हसले. तुम्हीही हसलात म्हणे. तुमचं ते हसणं मी नंतर पुष्कळदा पाहिलं आहे. त्याच्यानंतर काहीतरी होतंच.

पुढच्या गावकीला खडे वाटणारा म्हातारा तापानं पडला. उन्हात घरोघर पाटी घेऊन फिरायला कुणी तयार होईना. तुम्ही म्हणालात, मी वाटते. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. ओझं बाईनं उचललं तर कधीच कुणाला वावगं दिसत नाही. तुम्ही ओहोटीची वाट पाहिलीत. पुरुष जाळी घेऊन खाडीत उतरले आणि तुम्ही पाटी घेऊन गल्लीत. प्रत्येक दाराशी तीच हाक, “खडा आलाय गो, उचल.” कुणी लगेच उचलला, कुणी सासूकडे बघून उचलला, कुणी पदराला गाठ मारून मग रडली. पुरुष जिताडे घेऊन घरी आले तर गावाचं मत बायकांच्या पदराला. आता द्यायचा कसा? हातातून हातात मीठ कोण देणार?

दुपारी देवळात काय झालं ते सांगताना तुम्हाला खोकला यायचा इतक्या हसायचात. मडक्यात हात घालताना बांगड्या काठाला लागत होत्या, आणि गावाच्या इतिहासात पहिल्यांदा मडकी वाजत होती. नाना मान खाली घालून ते ऐकत बसले होते. वाजणं थांबेचना, असं तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी बांध दुरुस्त करायचं ठरलं. जत्रेला तमाशा आणायचा बेत बारगळला. हे दुसरं पुरुषांना जास्त लागलं असावं.

मग गावानं तुम्हाला वाळीत टाकलं. हा भाग तुम्ही कधी हसून सांगितला नाहीत. मला तो रंजनाकडून तुकड्या तुकड्यानं कळला. गिरणीवाला तुमचं दळण परत पाठवायचा. दुकानात तुम्ही शिरलात की दुकानदार आत जाऊन बसायचा. तुमच्याशी जो बोलेल त्याचंही हेच होईल, असं ठरलं होतं. रंजना शाळेत जाताना मुली रस्ता ओलांडून पलीकडून चालायच्या. रात्री दाराला कडी लावून तुम्ही आत फळी आडवी टाकायचात. रंजनाला अजून झोपेत त्या फळीचा आवाज येतो. आमच्या घरी, रोह्याजवळ वरसेला, तशी फळी नाही, तरी ती उठून दार बघून येते.

मी पुढे कंपनीतल्या कुणाकडून ऐकून तुम्हाला सांगितलं होतं, आता कायदा आहे, कुणाला वाळीत टाकता येत नाही. तुम्ही म्हणालात, “कायदा पेणला हाय, जावईबापू. मी इथं हाय.”

आमचं लग्न त्याच काळात झालं. रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून आमचं वऱ्हाड आलं तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलीचे वडील नाहीत, मुलगी शिकलेली, एवढंच पाहिलं होतं. मांडवात आमचीच माणसं. गावाचा एक माणूस नाही. जेवणाच्या पंगती वाढून ठेवलेल्या आणि बसायला कुणी नाही. मी मनात म्हटलं, काय साधी माणसं आहेत, थाटमाट नाही, गर्दी नाही. पुढचे कित्येक महिने मी मित्रांना हेच कौतुकानं सांगत होतो. माझ्या समजुतीचा वेग तुम्हाला त्या दिवसापासूनच ठाऊक आहे.

तुमच्यात लग्न धवलारीण लावते. धवले गाणारी बाई नसेल तर हळद पुरी होत नाही. गोमाबाई गावची धवलारीण, आणि तिला तुमच्या अंगणात पाऊल टाकायची बंदी. तुम्ही मांडवात उभ्या होतात, चेहरा दगडासारखा. आणि मग पाण्याकडून आवाज आला. गोमाबाई बांधावर उभी राहून धवले म्हणत होती. अंगणात यायला बंदी होती, बांधावर उभं राहायला नव्हती. तिच्या मागे आणखी बायका येऊन उभ्या राहिल्या, ओळीनं, डोक्यावर पदर. भरतीचं पाणी चढत होतं, वारा आमच्याकडे होता. एक ओळ यायची, मग वाऱ्यात हरवायची, मग पुढची यायची. त्या हरवलेल्या ओळी तुम्ही हलक्या आवाजात स्वतः म्हणून पुऱ्या केल्यात. नवरदेव म्हणून माझं सगळं लक्ष फेट्यात होतं, तरी एवढं मला दिसलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

पुढे एका उधाणाला बांध पुन्हा फुटला आणि गावाला सगळे हात लागले. नाना स्वतः दाराशी आले. त्यांनी माफी मागितली नाही, तुम्ही ती ऐकायला थांबला नाहीत. पाटी घेऊन निघालात. वाळीत टाकणं तिथंच चिखलात कुठेतरी बुडालं. आणि खडे वाटायचं काम तुमच्याकडेच राहिलं, कारण ऊन अजूनही तेवढंच होतं. तुम्ही वर्षानुवर्षं ओहोटी बघून खडे वाटलेत. पुरुषांना कळत नव्हतं असं नाही. पण मासळी सोडून ओटीवर खड्याची राखण करत बसायचा कंटाळा. माणसाच्या कंटाळ्यावर एवढा भरवसा ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, आत्या. ते आता मला एकट्यालाच भांडावं लागतं आणि तरीही मी हरतो.

या वर्षी आलो तेव्हा तुमच्या मागच्या भिंतीला पांढरी रेघ दिसली. जमिनीपासून वीतभर. दिवाळीला आलो तर ती गुडघ्याला आली होती. तुम्ही म्हणालात, घर मीठ धरतंय. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर जीभ आखडली. खाडीच्या अंगच्या बाहेरच्या बांधाला खालून पाझर लागला होता, आणि गावकी म्हणत होती, बघू. दर बैठकीत बघू. वडखळकडून कुणी माणसं गाडीनं येत, देवळापुढे गाडी लावत, बांधावर फिरत, फोटो काढत आणि कुणाशी न बोलता जात. फक्त बाळाराम त्यांच्याशी बोलायचा. तो तुमच्याच त्या दिराचा मुलगा. लहानपणी तुमच्या ताटात जेवायचा, आता तुम्हाला बघून गाडी पलीकडून वळवायचा. बांध सुटला, शेतात खारं पाणी आलं, की ती शेतं कुणाला तरी कोळंबीच्या तळ्यांसाठी हवी आहेत, असं गावात बोललं जाई. मोठ्यानं नाही. तुम्ही जवळ गेलात की बोलणं थांबायचं, असं तुम्हीच सांगितलंत.

मी म्हटलं, सोडा आत्या तो बांध. वरसेला चला. दोन खोल्या आहेत, नळाला गोडं पाणी आहे, खालीच दवाखाना आहे. तुम्ही म्हणालात, मी आले तर खडे कोन वाटील? तेव्हा मी शहाण्यासारखं बोललो. कंपनीच्या कँटीनमध्ये बोलतात तसं. म्हटलं, एवढी वर्षं खडे वाटलेत, उपयोग काय? नवरा सांगतो तिकडेच बाई खडा टाकते. मडकं वाजलं तरी आतलं मत त्याचंच.

तुम्ही वालाच्या शेंगा सोलत होतात. हात थांबला नाही. म्हणालात, “मग गाव एवढा घाबरला कशाला?”

शिफ्टची बस चुकेल म्हणून मी उठलो. उत्तर सुचलं नाही की बस आठवते, ही माझी खोड उलटीही चालते, बसमध्ये बसलो की उत्तर सुचतं, हे त्या दिवशी कळलं. वडखळच्या नाक्यावर येईपर्यंत मनात दोन-तीन उत्तरं तयार केली होती. पुढच्या भेटीत एकही बोललो नाही, कारण रेघ आणखी चढली होती आणि मला तुमच्याकडे बघवेना.

तुम्ही गेलात ते बांधावरून परत येऊन, दुपारी, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हाला न्यायला गावचे पुरुष आले, पण घाईत होते. दहाव्याला काकस्पर्शाची वाट बघत उभे असताना बाळारामनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यापुढे खडे तो वाटेल. कुणी काही विचारलं नाही. बायका मागे उभ्या होत्या. मला तेव्हा वाटलं, चला, बरं झालं, पुतण्यानं काकीचं काम उचललं. रंजनानं माझ्याकडे असं बघितलं की मी टोपी नीट केली.

आता तुम्हाला कळलं असेल. बाळारामनं गावकीच्या सकाळी ओहोटी नाही बघितली, भरती बघितली. पाणी चढू लागलेलं, जाळी वाळत घातलेली, आणि सगळे पुरुष आपापल्या ओटीवर बसलेले. मोटरसायकलवरून तो एकेका ओटीशी थांबला, बसल्या माणसाच्या पुढ्यात पान ठेवलं, पुढे गेला. तुमच्या ओटीवर मात्र हाक न मारता ठेवून गेला. रंजना बांधावर गेली आहे, हे त्याला गल्लीतून दिसत होतं. रंजना मला म्हणाली, मी येताना बघत आले, सगळी पानं उचललेली. बायका दारात उभ्या आणि माझ्याकडे बघत नाहीत. तुमचं इतक्या वर्षांचं काम त्यानं एका सकाळी, गाडीवरून न उतरता मोडलं. आणि उरलेल्या एका घराचा खडा मी शिजवला.

मग रंजनानं मला घाबरवणारी गोष्ट सांगितली. ज्या घराचा खडा मडक्यात पडत नाही ते बंद घर. बंद घराचं मत पुढे कायमचं भावकीकडे. म्हणजे बाळारामकडे. म्हणजे तुम्ही जे दिराच्या हातून सोडवून घेतलंत, ते त्याच्या मुलाच्या हाती जाणार, आणि मधला पूल मी.

मी म्हटलं, दुसरा खडा नेऊ, दुकानातून आणतो, कुणाला कळतंय? तुमची लेक म्हणाली, आईनं कधी खोटा खडा टाकला नाय. आणि आत जाऊन तिनं डाळीचं पातेलं चुलीवरून उतरवलं, चुंबळ केली, पातेलं डोक्यावर घेतलं. मी विचारलं, हे कुठे? ती चालू लागली होती.

आत्या, त्या दुपारी गल्लीतून मी तिच्या मागे चाललो. पुढे पातेलं, मागे मी. ओट्यांवर बसलेली माणसं बोलायची थांबत. कुणी हसलं नाही. माझ्यावर हसायची एवढी सोन्यासारखी संधी असताना कुणी हसलं नाही, तेव्हा मी रंजनाच्या आणखी जवळून चालू लागलो. गावाच्या टोकाला पाणी बांधाच्या वरच्या गवताला लागलं होतं. अमावास्या अजून यायची होती.

देवळात पुरुष भरलेले. बायकांपैकी गोमाबाई, कारण तिच्या घरात दुसरं कुणी नाही, आणि तिच्याजवळ दोघी-तिघी. दोन मडकी, एक बांध दुरुस्त करायचं, एक बांध सोडून द्यायचं. हिराजी नाना आता पार वाकले आहेत. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“जावई, चांगुणाच्या घराचा खडा तुम्ही उचलला?”

म्हटलं, उचलला.

“टाकलात?”

म्हटलं, टाकला. डाळीत.

इथं हसले सगळे. बाळाराम सगळ्यात मोठ्यानं. मग तो उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, की जावई परगावचा, त्याच्या हाताला गावकीत जागा नाय, खडा मडक्यात पडला नाय, तर रीतीनं घर बंद. रीत त्यानं बरोबर सांगितली होती. मला फार वाटलं की कुणीतरी त्याला चूक म्हणावं. कुणी म्हणालं नाही.

रंजनानं पातेलं दोन मडक्यांच्या मध्ये ठेवलं. तिचा आवाज मी ओळखला नाही. रोह्याला ती असं बोलत नाही.

“नाना, उचलला माझ्या नवऱ्यानं. पण चूल माझ्या आयची, आणि आज ती पेटवली मी. खडा घरातच हाय, बाहेर गेला नाय. तो दुरुस्तीचा हाय. आता कुठं ओतू तेवढं सांगा.”

बाळाराम म्हणाला, यात खडा हाय कशावरून?

तेव्हा गोमाबाई उठली. गुडघे धरत, खांबाला हात देत आली. पातेल्यात बोट बुडवलं आणि चाखलं. सगळं देऊळ तिच्या तोंडाकडे बघत होतं. आत्या, तेवढ्यातसुद्धा मला काळजी लागली ती डाळीची, जास्त तर पडलं नसेल ना?

“हाय,” गोमाबाई म्हणाली. “मिठागराचा खडा हाय, पुडीचा नाय.”

तिच्या मागे दुसरी उठली. तिनंही बोट बुडवलं. मग दाराबाहेर उभ्या बायकांतली एक आत आली, जिचा खडा सकाळी नवऱ्यानं उचलला होता. तो तिथंच बसला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. मग आणखी एक. बांगड्या पातेल्याच्या काठाला लागत होत्या. नाना मान खाली घालून बसले होते. ते काय ऐकत होते ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे.

गोष्ट इथं संपवता आली असती तर मला आवडलं असतं. पण तुम्हाला मी अर्धवट सांगणार नाही. मडकी उपडी केली तेव्हा सोडून द्यायच्या मडक्यातली रास मोठी निघाली. कितीनं, ते महत्त्वाचं नाही. तुमचा एक खडा असता तरी ती मोठीच राहिली असती. बाहेरचा बांध आता कुणी दुरुस्त करणार नाही. बाळारामनं सगळं मीठ पाटीत भरलं आणि खाडीला सोडायला निघाला. त्या गाडीवाल्या माणसांपैकी एकजण देवळाबाहेर कट्ट्यावर बसलेला मी तेव्हाच पाहिला. तो उठून बाळारामबरोबर चालू लागला.

घराचं काय, म्हणून रंजना तिथंच उभी राहिली. नानांनी काठी जवळ ओढली. म्हणाले, डाळ मोजता येत नाय पोरी. पण खडा घरात शिजला म्हणजे घर बंद नव्हतं, एवढं माझ्या समोर झालंय. मग काठी टेकत उठले आणि जाताना हळू आवाजात म्हणाले, “पुढच्या गावकीला चूल पेटलेली असंल तर ओटीवर खडा येईल, आनि तू उचल. कुलूप असंल तर बाळाराम उचलील. पुढची गावकी अमावाशेनंतर.”

अमावास्येनंतर म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. अमावास्येच्या उधाणाला बाहेरचा बांध नसेल तर पाणी पहिलं येतं ते तुमच्या अंगणात. त्या गावकीत मग काय ठरायचं असेल ते ठरेल, तुमचं घर असलं काय, नसलं काय. नानांनी दार उघडं ठेवलं होतं, की दाखवून दिलं होतं की त्यातून पाणी येणार आहे, हे मला अजून उलगडलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणाले लोक.

आम्ही परत आलो. येताना गल्लीत एका ओटीवरून कुणी तरी रंजनाला हलकेच नावानं हाक मारली, आणि ती वळली तेव्हा दार लावून घेतलं होतं. कुणी हाक मारली आणि कुणी दार लावलं, एकच होतं की दोघं, ते कळलं नाही.

आत्या, तुमच्याशी भांडायचं ते हेच होतं. तुम्ही म्हणालात, गाव घाबरला कशाला. माझं उत्तर असं, की गावाला मताची भीती नव्हती. आपल्या घरातल्या बाईला आपण न विचारलेलं काहीतरी ठाऊक आहे, याची भीती होती. हे मी बसमध्ये तयार केलं होतं. तुम्ही म्हणाला असतात, एवढं लांब कशाला बोलायचं? आणि शेंगा सोलत राहिला असतात. ते शेंगा सोलणारे हात मला फार आठवतात. माझ्या ताटात भात वाढताना तुम्ही नेहमी एक चमचा जास्त वाढायचात आणि म्हणायचात, शिफ्टवाल्याला भूक जास्त. मला भूक कमीच असायची. मी कधी बोललो नाही, प्रत्येक वेळी संपवलं.

संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो. रंजनानं चूल विझू दिली नव्हती. बांधाकडून आवाज येत होता, माती हळूहळू पाण्यात उतरते तसा. आधी मला वाटलं वारा आहे. रंजना उठली, मागच्या भिंतीशी गेली, तळहात पांढऱ्या रेघेवर ठेवून काही वेळ उभी राहिली. मी म्हटलं, उद्या सकाळच्या बसनं निघू, मला दुपारची शिफ्ट आहे. आत जाऊन तिनं तुमच्या गोधड्या माळ्यावर चढवायला सुरुवात केली, मग तांदळाचा डबा, मग देव. मी खालून एकेक वस्तू देत गेलो. शेवटी ती शिडीवरून खाली उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

“तुम्ही जा उद्या. वरसेचा गॅस बंद करा, चावी शेजारी द्या, आणि तुमचे कपडे घेऊन अमावाशेच्या आत इथं या.”